वाघाचं मुंडकं आणि व्यवसाय कर

चहा घ्या आधी, गरम आहे तोवर. आणि एक कबूल करा. ऐकून झाल्यावर मला जे काही म्हणायचं असेल ते मनातल्या मनात म्हणा. तोंडावर म्हणण्यासारखं जे होतं ते सगळं आमच्या ह्यांचं म्हणून झालंय. एकदा मला, आणि एकदा माझ्या माहेरी यवतमाळला फोन लावून!

हो, मी यवतमाळची. पुण्यात बावीस वर्षं काढली, पण राग आला की अजून तोंडातून 'काहून?'च निघतं. आणि माझा राग म्हणजे तुम्हाला माहीत आहे. एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली, मग ती करूनच सोडते. करण्याआधी ती नक्की कोणती गोष्ट आहे एवढं बघायचं तेवढं राहून जातं.

कर्वेनगरात माझं दुकान आहे ना, गॅदरिंगच्या ड्रेसचं? झाशीची राणी, मावळे, फुलपाखरू, गाजर, वांगं, वाघ. सगळं शिवतो आणि भाड्याने देतो. दोन बायका कामाला. एक शोभाताई, वारज्याच्या, आणि दुसरी लता. शोभाताई आधी एका ब्लाऊजच्या दुकानात होत्या. चांगली दहा वर्षांची जागा. ती सोडून माझ्याकडे आल्या, कारण मी त्यांना शब्द दिला होता की बारा महिने काम देईन.

आता गॅदरिंगचं काम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये कोणाला गाजर व्हायचंय? पहिलं वर्ष मी कसंबसं पडदे, उशीचे अभ्रे शिवून ढकललं. पण शोभाताई मान खाली घालून अभ्रे शिवायला लागल्या की मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. दिलेला शब्द मोडतोय असं वाटायचं.

अशात एका मोठ्या शाळेचं काम चालून आलं. तीन शाखा, वर्षभराचे सगळे कार्यक्रम, सगळे ड्रेस आमचेच! म्हणजे शोभाताईंचे बारा महिने पक्के. शाळेच्या ऑफिसात केळकरमॅडम म्हणून आहेत. सगळा कारभार त्यांच्या हातात. त्यांनी माझे ड्रेस बघितले, टाके ओढून बघितले, आणि म्हणाल्या, "काम ठीक आहे."

पुण्यात 'काम ठीक आहे' म्हणजे सत्कारच झाला की हो!

पुढे म्हणाल्या, "शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कागद पूर्ण करून द्या. तुमच्याकडे माणसं कामाला आहेत, तेव्हा मालक म्हणून ज्या नोंदण्या लागतात त्या सगळ्या हव्यात. काय लागतं ते तुमच्या कर सल्लागारांना विचारा. पुढच्या सोमवारी मी दुसऱ्यांना बोलावलंय, त्यांचे कागद तयार आहेत."

आमचे कर सल्लागार म्हणजे सप्रेसर. स्वारगेटला ऑफिस. माणूस हुशार, सरळ, पण शब्द वापरायचे म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. फोन उचलत नाहीत. मेसेज करायचा, ते एका बोटाने उत्तर देतात. मी दुकानात बसल्याबसल्या सविस्तर मेसेज टाकला.

'नमस्कार सर. मोठ्या शाळेचं काम मिळतंय. दोन बायका कामाला आहेत. शुक्रवारपर्यंत सगळं पूर्ण करायचं आहे. तर सगळ्यात आधी काय करू?'

पाच मिनिटांनी उत्तर आलं.

'व्यवसाय कर.'

आता मला सांगा! अहो, सहा वर्षं हा माणूस मला 'आपण' म्हणतोय. 'आपला आयकर भरला', 'आपली सही राहिली'. आणि आज एकदम, 'व्यवसाय कर'? जणू मी त्यांची पुतणी आहे आणि दहावीला नापास होऊन घरी बसले आहे!

हसू नका. तुम्हाला आत्ता कळलं असेल. मला तेव्हा कळलं नव्हतं, बस्स.

मी लिहिलं, 'सर, तोच करते आहे. सहा वर्षांपासून.'

उत्तर, 'नोंद दिसत नाही.'

बाप्पा! नोंद दिसत नाही? मी लिहिलं, 'अख्ख्या कर्वेनगरला दिसतो माझा व्यवसाय!'

'सरकारला दिसत नाही.'

'मग आता काय करू म्हणता?'

'तेच. आधी स्वतःचा. माणसांचा लागला तर नंतर बघू.'

मी मोबाईल टेबलावर आपटला. शोभाताई शेपटीत कापूस भरत होत्या, त्या दचकल्या.

"काय झालं वो, वंदूताई?"

"सप्रे म्हणतात, आधी स्वतःचा व्यवसाय कर. तुमचं नंतर बघू म्हणतात. म्हणजे माझा धंदा म्हणजे काय पोरखेळ आहे का?"

शोभाताईंनी शेपटी खाली ठेवली. "आन् आमचं काय नंतर बघायचं हाय?"

"काही नंतर बघायचं नाही! तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

संध्याकाळी आमचे हे कंपनीतून आले. आमचे हे म्हणजे प्रकाशराव. चाकणला कंपनीत माल तपासायच्या खात्यात आहेत, त्यामुळे घरी आल्यावर मला तपासतात. मी मेसेज पुढे धरला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. मला वाटलं, बायकोचा अपमान झालाय, माणूस चिडेल!

"बरोबर लिहिलंय की," हे म्हणाले.

"काय बरोबर?"

"व्यवसाय कर. दिवसभर मेसेज करत बसण्यापेक्षा."

झालं. त्या क्षणी मी ठरवलं. व्यवसाय कर म्हणता काय? थांबा. असा करून दाखवते, असा करून दाखवते, की सरकारलाच काय, दिल्लीलाही दिसला पाहिजे!

मंगळवारी सकाळी सातला मी शटर उघडलं. एक हजार पत्रकं छापून आणली आणि स्वतः वाटत सुटले. शाळेच्या फाटकांवर, भाजीवाल्यांपाशी, सोसायट्यांच्या वॉचमनपाशी. एका बालवाडीच्या बाईंना रस्त्यात गाठून त्यांच्याकडून 'फळे आणि भाज्या' या कार्यक्रमाचं काम घेतलं. चाळीस पोरं! वारज्याच्या एका महिला मंडळाचं मंगळागौरीच्या खेळांचं काम घेतलं. नोव्हेंबरात मंगळागौर? मी विचारलं नाही. एका ज्येष्ठ नागरिक संघाला जंगलावर नाटक बसवायचं होतं, त्यांचे सतरा प्राणी घेतले. त्यातल्या वाघाचं वय ब्याऐंशी होतं, त्यांनी फक्त एक अट घातली, मुंडकं हलकं पाहिजे.

एवढं काम दोन बायका कशा उरकणार? मग मी आणखी पुढचं पाऊल टाकलं. इस्माईलभाई म्हणून एक जुने मास्टर टेलर आहेत. कात्री हातात घेतली की कापड स्वतःहून बाजूला होतं असा माणूस. त्यांचं दुकान रस्ता रुंदीकरणात गेलेलं, घरी बसून होते. मी घरी जाऊन म्हटलं, "भाई, आजपासूनच या. महिन्याच्या पगारावर. पक्की नोकरी."

भाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या बायकोने मला शिरखुर्मा दिला. अवेळी शिरखुर्मा! माझी छाती एवढी फुगली म्हणून सांगू. मालकीण असावी तर अशी!

सप्रेंना मी एक अक्षर कळवलं नाही. म्हटलं, तोंडाने कशाला सांगायचं? जाऊन दाखवायचं!

बुधवारी दुपारी निघाले. ज्येष्ठ नागरिकांच्या वाघाचं माप घ्यायचं होतं, म्हणून मुंडकं बरोबर घेतलं होतं. ते पिशवीत मावेना. रिक्षात मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाल्याने आरशात दोनदा बघितलं.

"ताई, हे जिवंत नाही ना?"

"नाही. पण मी आहे. चला स्वारगेट."

सप्रेसरांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. मी धापा टाकत आत शिरले आणि टेबलावर आधी वाघ ठेवला, मग ऑर्डरची वही ठेवली, मग उरलेली पत्रकं ठेवली. सरांनी वाघाकडे बघितलं. मग माझ्याकडे. सरांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"सर," मी म्हटलं, "केला व्यवसाय!"

"अरे वा. कुणाकडून केलात?"

"कुणाकडून म्हणजे? स्वतः केला!"

"आपण स्वतः केलात? छान. नंबर दाखवा."

मी वही उघडून पुढे सरकवली. सरांनी वाचायला सुरुवात केली. "गाजर बारा. वांगी आठ. शेपट्या सतरा, त्यातल्या चार झुपकेदार." सरांनी पान उलटलं. "मेश्रामबाई, हे काय आहे?"

"व्यवसाय!"

"आणि व्यवसाय कर कुठाय?"

"हाच की! तुम्हीच म्हणालात ना, व्यवसाय कर म्हणून? तेही एकेरीत! बावीस वर्षं पुण्यात आहे सर मी, पण मला असं कोणी अरेतुरे केलं नव्हतं!"

सप्रेसरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, आयकर भरता ना आपण?"

"भरते."

"घराचा मिळकत कर?"

"भरते की."

"तसाच एक व्यवसाय कर असतो."

मी टेबलावरची पत्रकं गोळा करायला लागले.

"कराला मी एकेरीतच म्हणणार ना? का 'अहो व्यवसाय कर' म्हणू?"

अहो, भूमाते पोटात घे म्हणतात ना, तसं झालं. पोटात घ्यायला भूमी तयार असती तरी आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो!

मला सगळे मेसेज एकेक करून आठवायला लागले. 'नोंद दिसत नाही.' 'सरकारला.' 'आधी स्वतःचा.' आई गं! आणि मी काय उत्तर दिलं होतं? अख्ख्या कर्वेनगरला दिसतो!

मग सरांनी मला समजावलं, तेच तुम्हाला सांगते. राज्य सरकारचा एक कर असतो. धंदा करणाऱ्याने स्वतःचा भरायचा, त्याची एक नोंदणी. आणि पगारदार माणसं ठेवली, तर त्यांच्या पगारातून कापून मालकाने सरकारला भरायचा, त्याची दुसरी नोंदणी. मालक म्हणून.

"सोमवारी आपल्याकडे दोन बायका होत्या," सर म्हणाले. "बायकांना ठरावीक पगारापर्यंत हा कर माफ आहे. म्हणजे आपल्याला फक्त स्वतःची नोंदणी हवी होती. शाळेला एक पत्र जोडलं की झालं. दहा मिनिटांचं काम. दोन बायकाच आहेत ना अजून?"

मी वाघाच्या कानाशी चाळा करत म्हटलं, "नाही. कालपासून एक मास्टर आहेत. पुरुष."

"कालपासून?"

"तुम्ही म्हणालात ना व्यवसाय कर. म्हणून ठेवले."

सरांनी डोळे मिटले. मला वाटतं ते मनात हसत होते. पण माणूस राहायला सदाशिव पेठेत, बाहेर कशाला येऊ देईल? "म्हणजे आता दुसरी नोंदणीही करावी लागणार. आणि हातात दोन दिवस. मास्टरांना महिनाभराने बोलावता येईल का?"

शिरखुर्म्याची वाटी माझ्या डोळ्यांसमोर आली.

"नाही," मी म्हटलं. "शब्द दिलाय. चूक माझी आहे, त्यांची नाही. माणूस ठेवलाय तर नीट ठेवणार. दोन नोंदण्या लागतात ना? चार लागल्या तरी करीन. सांगा, काय काय आणू?"

सर पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने बघायला लागले. निदान मला तसं वाटलं. कदाचित वाघाकडे बघत असतील.

पॅन कार्ड, दुकानाचं लाइट बिल, रद्द केलेला चेक, फोटो. गुरुवारी सकाळी साडेदहाला मी सगळं घेऊन हजर! सर अर्ज भरायला बसले. सगळं सुरळीत चाललं होतं. सर म्हणाले, "मोबाईलवर ओटीपी आला असेल, सांगा."

नाही आला. पाच मिनिटं झाली, नाही. मग लक्षात आलं, दुकान काढताना मी सगळीकडे ह्यांचा नंबर दिला होता. मी चाकणला फोन लावला.

"अहो, तुमच्या मोबाईलवर एक ओटीपी आलाय, तो सांगा."

"नाही सांगणार," हे म्हणाले.

"काहून?"

"खाली लिहिलंय. ओटीपी कोणालाही सांगू नका."

"मी कोणालाही आहे का? मी तुमची बायको आहे!"

"फसवणारे असंच सांगतात. आवाज पण काढतात हुबेहूब."

तुम्हीच बघा, जन्माची गाठ कोणाशी पडलीय ते! शेवटी मी त्यांना लग्नात त्यांच्या मामाने घातलेला गोंधळ सांगितला, जो फक्त आमच्या दोन घरांना माहीत आहे. सप्रेसरांनाही तो ऐकावा लागला. मग हे म्हणाले, "हां, तूच आहेस." तोवर ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला. या वेळी आमच्या ह्यांनी तो एकेक आकडा दोनदा वाचून सांगितला. माल तपासायच्या खात्यात आहेत ना!

पण ऐका, संध्याकाळपर्यंत दोन्ही दाखले आले. एक माझा, एक मालक म्हणून. सरकारने वेळेत काम केलं होतं, घोळ घातला होता तो मी एकटीने. मी दाखल्यावरून हात फिरवला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. यवतमाळच्या एका मास्तराची पोरगी, आणि सरकार दरबारी 'मालक' म्हणून नाव!

निघताना सर म्हणाले, "शाळेला कर्मचाऱ्यांची यादी द्यावी लागेल. नाव, काम, रोजचे तास, सुट्टी, पगार. जेवढी माणसं राबतात तेवढी सगळी लिहा. एकही लपवायचं नाही."

"सर, लपवणारी मी नव्हे!"

घरी जाऊन मी हजेरीची वही पुढे घेतली. ही वही शोभाताई ठेवतात. हाक मारतात त्याच नावाने सगळ्यांची नावं लिहितात. मी झोपेने पेंगत त्यावरून यादी जशीच्या तशी उतरवून काढली, मनापासून. एकही लपवायचं नव्हतं. सगळं खरं खरं लिहिलं, खाली दणकून सही ठोकली आणि शिक्का मारला.

शुक्रवारी चार वाजता मी केळकरमॅडमच्या समोर होते. इस्त्री केलेली साडी, हातात फाइल, बरोबर वाघ नाही. मॅडमनी पहिला दाखला बघितला. "हं." दुसरा बघितला. "हं." दोन वेळा 'हं' म्हणजे पुण्यात मिरवणूक काढायला हरकत नाही. मग यादी हातात घेतली. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मेश्राममॅडम, हे काय आहे?"

"यादी. सगळी माणसं आहेत. एकही लपवलं नाही."

"तेच दिसतंय. चार नंबरवर एक बाई आहे. कटिंग, शिलाई, डिलिव्हरी, झाडलोट, सगळं करते. रोजचे तास चौदा."

"चौदा?" मी म्हटलं.

"साप्ताहिक सुट्टी, नाही. आणि पगाराच्या रकान्यात नुसती रेघ आहे."

मी ताडकन उभी राहिले. "शक्यच नाही! माझ्याकडे कोणी बिनपगारी काम करत नाही!"

"सही तुमची आहे."

"असेल! पण मॅडम, मी माझ्या बायकांना बारा महिन्यांचा शब्द दिलाय. त्यांच्यासाठी चार दिवस वाघ घेऊन फिरले आहे मी! आणि मी कोणाला चौदा तास फुकट राबवून घेईन?"

"बाईमाणूस आहे, गरजू आहे, बोलत नाही, म्हणून लोक घेतात राबवून," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "आमच्या संस्थेला हे चालत नाही. अशा मालकांना आम्ही काम देत नाही."

माझं डोकंच फिरलं. शोभाताईंचे बारा महिने हातातून निघून चालले होते, आणि तेही असल्या खोट्या आळाने! मी टेबलावर हात आपटला.

"मॅडम, मी सांगते ना! जो मालक असं करत असेल त्याला तुम्ही फाटकातून आत घेऊ नका! लाज वाटली पाहिजे त्याला! कोण आहे ती बाई? नाव सांगा. आत्ता तुमच्यासमोर फोन लावते. स्पीकरवर! तिलाच विचारा, तिची काही तक्रार आहे का!"

"सांगते," मॅडमनी चष्मा नीट केला, यादीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "वंदूताई."



माझ्या हातात मोबाईल. मी तो हळूच खाली घेतला.

"लावा ना फोन," मॅडम म्हणाल्या.

"नको," मी म्हटलं. "एंगेज येईल."

"का?"

मी ओशाळून माझ्या छातीवर हात ठेवला.

केळकरमॅडमनी यादी बघितली. दाखल्यावरचं वंदना प्रकाश मेश्राम हे नाव बघितलं. मग मला आपादमस्तक बघितलं. पुण्यात बावीस वर्षं काढली, पण ऑफिसातल्या बाईंना हसू आवरत नाहीये हे दृश्य मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी ड्रॉवर उघडून त्यात तोंड घातलं. बराच वेळ त्या काहीतरी शोधत होत्या. बाहेर आल्या तेव्हा हातात लाल पेन होतं.

"मालकाचं नाव कर्मचाऱ्यांत लिहीत नाहीत, मेश्राममॅडम. काढा तिला."

"आत्ता?"

"आत्ता. मग मी सही करते. पावणेपाच झालेत."

मी लाल पेन घेतलं आणि चार नंबरच्या ओळीवर रेघ मारली. शेजारी सही केली. मॅडमनी कराराच्या कागदावर शिक्का मारला. थप्प! शोभाताईंचे बारा महिने पक्के, लताचे पक्के, इस्माईलभाईंचे पक्के. मला त्या शिक्क्याला ओवाळावंसं वाटलं.

रिक्षाने थेट दुकानात आले. पेढ्यांचा बॉक्स उघडून मधोमध ठेवला, सगळी हकिकत सांगितली. इस्माईलभाई हसून हसून मशीनवर डोकं टेकून बसले. लताने पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "हसा! दाखला मिळून चोवीस तास झाले नाहीत, तर सरकारमान्य मालकिणीने एका बाईला कामावरून काढलंसुद्धा! चौदा तास राबणारी बाई, लाल रेघ मारून!"

शोभाताई एकट्या हसल्या नाहीत. त्यांनी सावकाश पेढा संपवला, हात पुसले आणि वाघाची शेपटी उजेडाला धरून उसवायला घेतली.

"बरं केलंसा काढलं ते," त्या म्हणाल्या. "तिची शिलाई लई वाकडी यायची."